नाव घेऊन माफी

विनोदिनीबाईंनी खडू ठेवला, बोटं पदराला पुसली आणि पाच मुलींना फळ्यापुढे ओळीनं उभं केलं. चौघी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. पाचवी, फुलेश्वरी, त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून.

समोर बाईंच्याच खुर्चीत मोनालीला बसवलं होतं. तिच्या अंगात कसकस होती, पण आज शाळेत येणं भाग होतं, कारण माफी तिची मागायची होती. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात आलीच नाही. तासाभरानं शिपाई नत्थू खेळाच्या सामानाच्या खोलीवरून चालला होता, तेव्हा त्याला ती दिसली. आत मोडक्या बाकांच्या सांदीत मोनाली गुडघ्यात डोकं घालून बसलेली, आणि दारात फुलेश्वरी, कडीवर हात.

मोनालीमागे मुली लागल्याला वर्ष होत आलं होतं. तिचे वडील भैय्यालाल उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला, घर भनपुरीत. तिकडे दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत राखाडी होतो, मग आईनं तो कितीही घासो. मुली मोनालीच्या कॉलरवरून बोट फिरवायच्या, ते काळं बोट डोळ्याशी न्यायच्या आणि ओरडायच्या, "काजल लगा लो, काजल!" बाई दोनदा रागावल्या होत्या. एकदा त्यांनी त्यावर गोष्टसुद्धा लिहिली होती.

बाई गोष्टी लिहीत. दर शनिवारी बालसभेत एक. खाकी कव्हर घातलेल्या वहीत चाळीसेक गोष्टी जमल्या होत्या, सगळ्या दयेच्या, मैत्रीच्या, एकमेकींना सांभाळून घेण्याच्या. त्या गोष्टींतल्या वाईट मुली दुसऱ्या परिच्छेदातच ओळखू यायच्या आणि शेवटी न चुकता रडायच्या. तात्यापाऱ्यातल्या त्या शाळेत बाईंची वही सगळ्यांना माहीत होती. आणि त्यांचा नियमही. ज्या मुलीनं कुणाला दुखावलं, तिनं सगळ्या वर्गासमोर उभं राहायचं, दुखावलेल्या मुलीचं नाव घ्यायचं आणि माफी मागायची. नुसतं 'सॉरी' चालायचं नाही. ज्याचं नाव आपण तोंडानं घेतो, त्याला आपण माणूस मानतो, असं बाईंचं म्हणणं. मग त्या मुलीनं 'माफ किया' म्हणायचं, आणि ते कानांवर पडल्यावरच खाली बसायचं. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी हातात छडी धरली नव्हती, ती या नियमाच्या जोरावर.

पहिली मंजिरी पुढे आली. तिचे वडील नव्या राज्याबरोबर भोपाळहून मंत्रालयात आले होते. बालसभेत बाईंच्या गोष्टी हीच वाचून दाखवायची, आणि असं वाचायची की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा चुळबुळ थांबवायच्या.

"मोनाली, मुझे माफ कर दो. अब ऐसा कभी नहीं होगा."

"माफ किया," मोनाली पुटपुटली.

मग रूपाली. मग आणखी दोघी. चौघींनी नाव घेतलं, हात जोडले, चौघी जाग्यावर जाऊन बसल्या. काजळाचा खेळ आपण केला हे चौघींना कबूल होतं, पण कडी फुलेश्वरीनं लावली, असं चौघींचं एकच सांगणं होतं. नत्थूनंही कडीवर तिचाच हात पाहिला होता.

"फुलेश्वरी, अब तुम."

फुलेश्वरी जागची हलली नाही. दहा वर्षांची पोर, तेलानं चापून बसवलेल्या दोन वेण्या. तिचे वडील भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात पोती उतरवायचे. फी माफ होती म्हणून ती इथवर पोचलेली.

"मैंने बंद नहीं किया, मैडम."

"दरवाज़े पर कौन खड़ा था?"

"मैं."

"कड़ी पर हाथ किसका था?"

"मोर." माझा, ती घरच्या बोलीत म्हणाली.

"तो फिर? नाम लो और माफी माँगो."

फुलेश्वरीनं मोनालीकडे पाहिलं. मोनालीनं अगदी थोडी, दिसेल न दिसेल अशी नाही म्हणून मान हलवली. बाईंच्या नजरेतून ती सुटली नाही. केवढी धास्ती घेतलीय पोरीनं, त्यांच्या मनात आलं.

"मैं ओकर नांव नइ लेवंव," फुलेश्वरी म्हणाली.

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"क्या कहा?"

"नांव नइ लेवंव, मैडम."

बाईंचा राग खरा होता, हे इथे सांगायलाच हवं. मोनालीचं घर बौद्ध होतं. अशा घरच्या माणसाचं नाव न घेता 'ते', 'त्यांच्यातले' असं म्हणणारे लोक बाईंनी वर्ध्याला माहेरी उभं आयुष्य पाहिले होते. वेगळ्या ठेवलेल्या कपबशीवरून त्या लग्नाआधी सख्ख्या काकाशी भांडल्या होत्या. आणि आज आपल्याच वर्गात एक पोरगी ताठ मानेनं म्हणते, मी हिचं नाव घेणार नाही.

"तो खड़ी रहो. जब तक नाम नहीं लोगी, तब तक."

फुलेश्वरी शाळा सुटेपर्यंत उभी राहिली.

संध्याकाळी घरी बाईंचे यजमान यशवंतराव व्हरांड्यात गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून भाजी निवडणं त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं, आणि ऐकणंही.

"नावसुद्धा घ्यायला तयार नाही," बाई म्हणाल्या. "चौघींनी घेतलं. हिलाच कसला एवढा तिरस्कार? एवढीशी पोरगी, घरून शिकून आली असणार."

"नाव नाही घेत म्हणजे तिरस्कारच असते, असं कोणी सांगितलं?" यशवंतरावांनी शेंगेचा दोरा काढला. "तू त चोवीस वर्षांत माझं एकदाही नाही घेतलं. डोहाळजेवणात बाया उखाण्यासाठी मागे लागल्या, त पाणी प्यायचं निमित्त करून मोरीत जाऊन बसली होती."

बाईंना हसू आलं. "इश्श. ते वेगळं."

"असन बाबा वेगळं," यशवंतराव म्हणाले आणि पुढची शेंग घेतली.

शनिवारी फुलेश्वरी आली आणि न सांगता फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. त्या दिवशी बालसभा होती. मंजिरीनं बाईंची नवी गोष्ट वाचली, एका मुलीनं दुसरीला अंधारात कोंडल्याची, आणि वाचताना तिचा आवाज जिथे भरून यायला हवा तिथे बरोबर भरून आला. मुली वळून वळून फुलेश्वरीकडे बघत होत्या. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.

मोठ्या बहेनजींना, शाळेच्या मुख्याध्यापिकांना, हायसंच वाटलं होतं. मंत्रालयातल्या चार बापांना बोलावून जाब विचारण्याची वेळ आली नाही, गोदामातल्या एका हमालावर भागलं. त्या तसं बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी बाईंसाठी आपल्या खोलीत चहा मागवला. तीन आठवडे झाल्यावर हजेरीपटात फुलेश्वरीच्या नावावरून लाल रेघ ओढायची होती. ती बाईंनीच ओढली, पट्टी लावून.

मोनाली तापातून उठायला दहा दिवस लागले होते. मधे तिची आई शांता शाळेत येऊन गेली, तेव्हा बाईंनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, त्या पोरीपासून मोनालीला दूर ठेवा असंही. परत आली त्या दिवशी मोनाली टेबलापाशी येऊन घुटमळली.

"बाई, ते..."

बाईंनी तिचे केस सारखे केले. "भेव नको गं. ते पोरगी नाही येत आता."

मोनाली आपल्या बाकावर जाऊन बसली, खिडकीकडच्या टोकाला.

काजळाचा खेळ मात्र बंद झाला. हे बाईंचं यश, असं सगळे म्हणाले. मुली आता मोनालीशी इतक्या सांभाळून वागायच्या की तिच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसायचंच नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर बाईंनी निबंध दिला, 'मेरी सहेली'. बत्तीस वह्या. बाई दुपारच्या मोकळ्या तासात तपासायला बसल्या. एकतीस मुलींच्या मैत्रिणी खूप चांगल्या होत्या, मन लावून अभ्यास करत होत्या आणि मोठ्यांचा मान राखत होत्या. बत्तिसावी वही मोनालीची.

'मेरी सहेली का नाम' असं लिहून तिनं दोन बोटं जागा मोकळी सोडली होती आणि पुढे 'है' लिहिलं होतं.

बाईंनी सवयीनं लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'नाम?' मग पुढचं वाचलं.

'टेम्पो में वह धूल की तरफ बैठती है और मुझे अंदर बैठाती है. फिर भी मेरी कॉलर काली हो जाए तो वह प्रार्थना से पहले उस पर चॉक घिस देती है. चॉक वह बोर्ड के नीचे से उठाती है. मैडम पूछती हैं चॉक कौन ले जाता है तो वह चुप रहती है. मैंने उससे कहा तू मत ले, डाँट पड़ेगी. उसने कहा छोटे टुकड़े ही लेती हूँ.'

गेलं वर्षभर बाई खडूंच्या तुकड्यांवरून नत्थूला बोलत होत्या.

शाळा सुटल्यावर त्यांनी मोनालीला थांबवून घेतलं. वही समोर ठेवली.

"हे कोण गं? नाव काहून नाही लिहिलं?"

मोनालीनं बाहेर पाहिलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं.

"नाव नाही घेत मी तिचं, बाई. भोजली हाय ते माही."

भोजली म्हणजे काय ते बाईंना माहीत होतं, म्हणजे तितकं, जितकं रस्त्याच्या कडेला उभं राहून माहीत होतं. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया-पोरी गव्हाच्या पिवळ्या तुऱ्यांच्या टोपल्या, देवी मानून, डोक्यावर घेऊन गात गात तलावाकडे जातात. वाहतूक थोडा वेळ अडते. बावीस वर्षं बाई रिक्षात बसून ती मिरवणूक पुढे जायची वाट बघत आल्या होत्या.

"म्हणजे कसं?"

"तलावात शिरवतात न, तवा थोडे तुरे वापस आणतात. तिनं माह्या कानामागं खोचले, मीनं तिच्या. मंग आमी भोजली झालो. आता मरेपर्यंत भोजलीच म्हनाचं. नाव घेतलं त तुटते." मोनालीचा हात नकळत कानामागे गेला होता. "तिची आई मले बेटी म्हनते. खरीवाली."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"अन कडी?"

"मंजिरीनं लावली. बेल झाली तरी मी नाही आली, म्हून भोजली शोधत आली. तिनं उघडली, बाई. तेवढ्यात नत्थूभैया आला."

"त्या दिवशी काहून नाही बोलली मग? मी इतकं विचारलं."

"मंजिरी समोरच होती, भेव वाटलं. अन तुमी नाव घ्या म्हटलं." मोनालीचा आवाज बारीक झाला. "ते माहं नाव कशी घेईन? अन मीनं तिले शपथ घातली होती, कोनाले सांगजो नको म्हून. आमच्यात देवीचं नाही चालत. आईले समजलं असतं त तिनं मारलं असतं. मंग मी तुमाले सांगाले आली होती. तुमी म्हटलं, भेव नको, ते नाही येत आता."

बाईंना ते आठवलं. आपण तिचे केस सारखे केले होते, तेही आठवलं. व्हरांड्यातली गवार आठवली. इश्श, ते वेगळं. चोवीस वर्षं ज्या माणसाला सकाळी पहिला चहा दिला आणि ज्याला ताप आला की देव पाण्यात ठेवले, त्याचं नाव आपल्या ओठांवर का येत नाही, हे ज्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तिनं दहा वर्षांच्या पोरीला दोन दिवस फळ्यापाशी उभं केलं होतं. बाईंना स्वतःची लाज वाटली, इतकी की समोरच्या लेकराकडे बघवेना.

"परवा रविवार आहे," त्या म्हणाल्या. "मले तिचं घर दाखवशील?"

भनपुरीला टेम्पोतून उतरेपर्यंत बाईंच्या पांढऱ्या साडीच्या काठावर काळी रेघ उमटली होती. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत त्या आधी मोनालीच्या घरी गेल्या. भोजलीचं त्या शांताजवळ बोलणार नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "कडी त्या पोरीनं लावली नव्हती. चूक माझी झाली. मोनालीला माझ्याबरोबर तिच्याकडे येऊ द्या."

शांता पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"मोनाली सांगे मले, तिनं नाही कोंडलं म्हून. मीनं म्हटलं, बाई का खोटं बोलतीन?" मग पुढचा गोळा घेत ती म्हणाली, "गादीखाली पिवळं गवत सापडलं होतं मले. राखीच्या टायमाले. हिले वाटते मले काही समजत नाही. वापस तसंच ठेवून देल्लं मीनं. पोरींचा जीव हाय एकमेकींत, त्याच्यात मी काहून हात घालू?"

मोनाली दारात उभी राहून हे ऐकत होती. ती आईकडे बघतच राहिली.

फुलेश्वरीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्याशी कुणी झाडलेलं दिसत नव्हतं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती.

"गे हें कमाए-खाए," तिनं हातानं दूर कुठंतरी दाखवलं. वीटभट्ट्यांकडे, कमवायला. दिवाळी झाली की माणसं भरलेल्या गाड्या इथून इलाहाबादकडे, त्याहून पुढे जातात, हे बाईंनी ऐकलं होतं.

"कौन सी भट्टी? कोई पता?"

"कोन जानी." म्हातारीनं सूप खाली ठेवलं. बाईंची साडी, चष्मा, पर्स सगळं एकदा पाहून घेतलं. "दू बछर ले नइ गे रिहिन. नोनी पढ़त रिहिस न, त ओकर खातिर रुके रिहिन. अब काबर रुकतिन?"

दोन वर्षं गेले नव्हते, पोरगी शिकत होती म्हणून थांबले होते. आता कशासाठी थांबतील. बाईंना ते भाषांतर करून घ्यावं लागलं नाही.

"कब आएँगे?"

"पानी गिरही तब. आहीं त आहीं." पाऊस पडला की, आले तर आले.

बाईंनी पर्समधून कागद काढला. त्यावर शाळेचा पत्ता लिहिला, आपल्या घरचाही लिहिला, आणि 'फुलेश्वरी का नाम फिर लिख लिया जाएगा' असं लिहून दाराच्या फटीतून आत सरकवला. मोनालीनं तो पाहिला.

"तिच्या घरात वाचता येते फक्त तिलेच, बाई," ती म्हणाली.

सोमवारी बाई मोठ्या बहेनजींकडे गेल्या. नाव पुन्हा लिहायला त्यांची ना नव्हती, मुलगी येऊ दे तर खरी. बाकीचं उकरून काढण्यात काय अर्थ, झालं ते झालं, मंजिरीच्या वडिलांनी स्नेहसंमेलनासाठी मंडप कबूल केलाय. त्या दिवशीही चहा आला. बाईंनी तो घेतला नाही.

शनिवारी बालसभेला बाईंनी वही आणली, पण उघडली नाही. मंजिरी सवयीनं पुढे येऊ लागली, तिला त्यांनी हातानंच बसायला सांगितलं. मग त्या टेबलामागून बाहेर आल्या आणि फळ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, जिथे मुली उभ्या राहायच्या तिथे. वर्गात खुसफुस झाली.

"आज कहानी नहीं है," बाई म्हणाल्या. "मैंने एक लड़की को यहाँ दो दिन खड़ा रखा. उसने किसी को बंद नहीं किया था. उसने दरवाज़ा खोला था. बंद जिसने किया, वह अपने आप जानती है."

कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. मंजिरीनं पुस्तकाचा एक कोपरा दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला.

"नियम सबके लिए एक है." बाईंनी हात जोडले. मोनालीच्या बाकाकडे, तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी पाहिलं.

"फुलेश्वरी, मुझे माफ कर दो."

मुली वाट पाहू लागल्या. याच्यापुढचं सगळ्यांना पाठ होतं, फक्त ते म्हणणारं कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. बाहेर नत्थू बादलीनं झाडांना पाणी घालत होता, त्याचा आवाज येत होता. बाई हात जोडून उभ्याच.

शेवटी मंजिरीला ते असह्य झालं असावं. ती उभी राहिली, तिचे डोळे लाल झाले होते, आणि या वेळी ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हते.

"मैडम, आप बैठ जाइए न. मोनाली बोल देगी उसकी तरफ से." ती मोनालीकडे वळली. "बोल दे न मोनाली. 'फुलेश्वरी ने माफ किया', बस इतना ही तो बोलना है."

सगळा वर्ग मोनालीकडे बघू लागला. "बोल दे, बोल दे," मागून दोघी-तिघी म्हणाल्या. मोनाली उठली. तिनं बाईंकडे पाहिलं. पांढऱ्या केसांची, हात जोडलेली बाई, जिनं तिला आपल्या खुर्चीत बसवलं होतं. मोनालीचा एक हात कानामागे गेला. मग तिनं तो खाली घेतला. तिचे ओठ हलले.

बाईंना फार वाटलं, तिनं म्हणावं. पाय दुखत होते म्हणून नव्हे. कुणीतरी, कुणाच्याही वतीनं, ते दोन शब्द उच्चारावेत आणि हे संपावं, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

"नको," त्या एकदम म्हणाल्या. मग वर्गासाठी हिंदीत, "नहीं मोनाली. नाम मत लेना."

मोनाली खाली बसली. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, ती रडायला लागली.

घंटा झाली. शनिवारी अर्धाच दिवस शाळा. मुली दप्तरं घेऊन, बाईंच्या बाजूनं, आवाज न करता एकेक करून बाहेर गेल्या. वर्ग रिकामा झाल्यावर नत्थू किल्ल्या घेऊन आला आणि दारातच थबकला.

"मैडम, छुट्टी हो गे. बइठव न थोकन."

बाईंनी मान हलवली. त्या उभ्याच होत्या.

खिडकीजवळच्या बाकावर मोनाली अजून बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन, बाकाच्या टोकाला, शेजारची जागा रिकामी ठेवून. टेम्पोची वेळ होत आली होती. थोड्या वेळानं ती उठली, फळ्यापाशी आली, खालून खडूचा एक छोटा तुकडा उचलला आणि बाईंकडे न बघता आपल्या कॉलरवर घासू लागली. मागची बाजू तिला दिसत नव्हती, तिथे हात नीट पोचत नव्हता.